खाजकुयलीचं बी आणि कंपवाताची गोळी

मैत्रिणींनो, खाजकुयलीच्या शेंगेला चुकून हात लागला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पण त्याच शेंगेतलं बी, म्हणजे कवचबीज, वैद्य शुद्ध करून पिढ्यान्‌पिढ्या औषधात वापरत आले. हात थरथरतात, चाल मंदावते, त्या कंपवातावर ते का चालतं, हे मात्र तपासणीतून कळलं.

1937 साली भारतीय संशोधकांनी या बियांतून एल-डोपा नावाचा पदार्थ वेगळा काढला. मेंदूशी त्याचा संबंध काय, ते तेव्हा कळलेलं नव्हतं. पुढे 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. (तेही आपल्याच सर्पगंधेतलं!) ससे निपचित पडले. मग एल-डोपा टोचलं, तर थोड्याच वेळात ते हिंडू लागले. मेंदू एल-डोपापासून डोपामिन बनवतो. हालचाल ताब्यात राहते ती त्याच्यामुळे, आणि कंपवातात नेमकं तेच कमी पडतं. आज दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीतलं मुख्य औषधही एल-डोपाच आहे.

2004 साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर तुलना झाली. एका दिवशी गोळी, दुसऱ्या दिवशी बियांची 30 ग्रॅम पूड. कधी काय दिलं ते ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. कारण औषध चांगलं आहे असं मनात भरलं की तेवढ्यानंही बरं वाटतं, आणि कंपवातात हे फार दिसतं. पुडीचा गुण अर्ध्या तासात आला, गोळीला तासाहून जास्त लागला. पण माणसं आठच, आणि तीही एकेका डोसापुरती. एवढ्यावर गोळी सोडून पूड धरावी असं ठरत नाही.

आता घरातलं बघा. सासरे गोळी घेतात आणि वरून कोणी सांगितलं म्हणून दुधातून पूडही चालू आहे. म्हणजे एकच औषध दोनदा पोटात जातंय. मग उलट्या होतात, उठताना भोवळ येते, हातपाय आपोआप वळवळतात, काहींना भासही होतात. शिवाय प्रत्येक बियात एल-डोपा सारखं नसतं, त्यामुळे कालचा चमचा आणि आजचा चमचा एक नाही. आणि घाबरून गोळी एकदम बंद करणं तर त्याहून वाईट, अंग ताठून जीवावर बेतू शकतं.

ज्या गटांची कवचबीज पूड विक्रीला आहे, त्यांनी पुडीवर ठळक लिहावं: ‘कंपवाताची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.’ घरी कोणी घेत असेल तर दवाखान्यात जाताना पुडी सोबत न्या, आणि किती चमचे, किती वाजता, ते कागदावर लिहून न्या.