काळ्या मातीतला बीजाणू

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड हे गाव गोदावरीच्या डाव्या तीरावर, छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले आहे आणि पूल ओलांडला की गेवराई तालुका सुरू होतो. नदीकाठचा गाळ, उसाची व कपाशीची काळी जमीन आणि गोठ्यातले शेण ही या परिसराची संपत्ती आहे. क्लोस्ट्रिडियम बॉटुलिनम नावाचा जिवाणू जगभरातील अशाच माती-गाळात आढळतो आणि शहागडची जमीन त्याला अपवाद असण्याचे काही कारण नाही. हा जिवाणू जे विष तयार करतो, त्याहून तीव्र विष विज्ञानाला अद्याप ठाऊक नाही. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या पोटात या विषाचा सुमारे ७० मायक्रोग्रॅम, म्हणजे बारीक मिठाच्या एका कणाएवढा अंश गेला तरी तो प्राणघातक ठरू शकतो असा अंदाज आहे. असे असूनही मातीत राबणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप राहिली, याचे कारण या जिवाणूच्या स्वभावात आहे.

प्राणवायू असलेल्या हवेत हा जिवाणू वाढू शकत नाही. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती कठीण कवच तयार करून बीजाणू बनतो आणि वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो. या अवस्थेत तो विष तयार करत नाही. हवा नाही, आंबटपणा कमी, मीठ बेताचे, पाणी पुरेसे आणि ऊब हवी तेवढी, अशा साऱ्या गोष्टी एकत्र जुळून आल्या तरच बीजाणू रुजतो, जिवाणू वाढतो आणि विष तयार होते. बीजाणू आणि विष यांच्यातला आणखी एक भेद स्वयंपाकघरात फार महत्त्वाचा ठरतो. विष हे प्रथिन असल्यामुळे अन्न दहा मिनिटे नीट उकळले की ते निकामी होते. बीजाणू मात्र उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत आणि त्यांच्या नाशासाठी दाबाखाली १२१ अंश सेल्सियसचे तापमान सुमारे तीन मिनिटे टिकवावे लागते. डबाबंद अन्नाच्या कारखान्यांतील सारी शिस्त याच आकड्यांभोवती उभी आहे, आणि फुगलेला डबा न उघडता टाकून द्यावा हा नियमही त्यातूनच आला आहे.

मराठी घरातील कैरीचे लोणचे या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. बरणीत फोडींवर तेलाचा तवंग आला की लोणचे टिकते असे मानले जाते, आणि बुरशीपुरते ते खरेही आहे. परंतु तेलाने हवा अडते, म्हणजे बॉटुलिनमला हवे तेच घडते. त्याला खरोखर रोखतो तो कैरीचा आंबटपणा आणि त्याच्या जोडीला सढळ हाताने घातलेले मीठ, कारण आम्लतेचे मान म्हणजे पीएच ४.६ च्या खाली गेले की हा जिवाणू वाढत नाही. आंबटपणा वगळून नुसते तेल ठेवले तर काय होते, ते कॅनडातील व्हँकुव्हर शहरात १९८५ साली दिसले. तेथील एका उपाहारगृहात चिरलेला लसूण सोयाबीनच्या तेलात घालून शीतपेटीबाहेर ठेवला होता आणि त्यामुळे ३६ जणांना विषबाधा झाली. त्यांतील बहुतेकांचे सुरुवातीचे निदान तर भलतेच झाले होते. म्हणून घरी लसणाचे लोणचे घालताना त्यात पुरेसा लिंबाचा रस पिळणे ही केवळ चवीची बाब राहत नाही.

तान्ह्या बाळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीपासून नांदणारे असंख्य जिवाणू पोटात गेलेल्या बीजाणूंना रुजू देत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ही वस्ती पुरती बसलेली नसते, त्यामुळे बीजाणू तेथेच रुजतात आणि विष आतल्या आत तयार होत राहते. अर्भकांचा हा स्वतंत्र आजार १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ओळखला गेला आणि स्टीफन अर्नन यांनी पुढे आपले संशोधन त्यालाच वाहिले. या बीजाणूंचा एक ठळक, टाळता येण्याजोगा स्रोत म्हणून त्या संशोधनातून मधाचे नाव पुढे आले. मराठी घरांत नवजात बाळाला सोने उगाळून मध चाटवण्याची आणि बाळगुटी मधातून देण्याची चाल जुनी आहे, आणि ती मायेपोटीच पाळली जाते. तरीही बाळाचे वर्ष भरेपर्यंत त्याच्या ओठांना मधाचे बोट लागू नये, हे आजीला आदराने पण ठामपणे सांगितलेच पाहिजे. मध शुद्ध असल्याने किंवा घरच्या पेट्यांतला असल्याने हा धोका टळत नाही. हा आजार झाला की बाळाला आधी मलावरोध होतो, मग ते अंगावर पिईनासे होते, त्याचे रडणे क्षीण होते आणि मान लुळी पडते.

हे विष शरीरात नेमके काय करते, याचा उलगडा होण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. जर्मनीतील वुर्टेमबर्गचे वैद्य आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास बिघडलेल्या मांसाच्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेची बारकाईने नोंद केली आणि स्वतःच्या शरीरावरही तिची परीक्षा पाहिली. १८९५ साली बेल्जियममधील एलझेल गावात अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेले कच्चे मांस खाल्ले, त्यांतील तिघे दगावले आणि एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून हा जिवाणू वेगळा काढला. चेतातंतूच्या टोकातून स्नायूपर्यंत आज्ञा पोहोचवणारे ॲसिटिलकोलीन हे रसायनच या विषामुळे बाहेर पडत नाही, हे १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये सिद्ध झाले. त्यामागचे कारण १९९२-९३ मध्ये कळले. ॲसिटिलकोलीनच्या सूक्ष्म पिशव्या चेतातंतूच्या भित्तीला जोडल्या जाव्यात म्हणून तेथील काही प्रथिने एकमेकांत गुंफली जातात, आणि विषाचा जस्तयुक्त हलका भाग ही प्रथिनेच कापून टाकतो. जड भागाचे काम त्याला चेतातंतूच्या आत पोहोचवण्यापुरते असते. कापणारा एकच रेणू पुष्कळ प्रथिने कापू शकतो, म्हणूनच इतकी अल्प मात्रा पुरते.

शहागडच्या परिसरात डॉक्टरांपुढे हा आजार आला तर तो ओळखण्यात खरी अडचण आहे, कारण येथे त्याच्यासारखी दिसणारी दुसरी दोन संकटे अधिक परिचयाची आहेत. मण्यार चावल्यावरही पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि श्वासाचे स्नायू थकत जातात. त्यातच मण्यारीचा दंश झोपेत होतो, दुखत नाही आणि पुष्कळदा त्याची खूणही सापडत नाही. दुसरे संकट पिकांवर फवारल्या जाणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे आहे. या औषधांनी ॲसिटिलकोलीनचा निचरा थांबतो आणि ते साचत जाते, त्यामुळे रुग्णाच्या तोंडाला लाळ सुटते, घाम येतो आणि बुबुळातील बाहुली बारीक होते. बॉटुलिझममध्ये, म्हणजे बॉटुलिनमच्या विषबाधेत, ॲसिटिलकोलीन मुळी सुटतच नाही, म्हणून तोंड कोरडे पडते आणि बाहुली बहुधा विस्फारलेली राहते. ताप नसतो, शुद्ध हरपत नाही, एकाची दोन दिसू लागतात आणि लुळेपणा चेहऱ्याकडून खाली उतरत जातो. घरातील दोघा-तिघांना, एकच अन्न खाल्ल्यानंतर, असे झाले असेल तर संशय बळावला पाहिजे. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते, पण चेतातंतूत शिरलेल्या विषावर त्याचा इलाज चालत नाही. तंतूला नवे अंकुर फुटेपर्यंत आठवडे, कधी महिने, रुग्णाला कृत्रिम श्वासावर जगवावे लागते.

या विषाचे ए ते जी असे सात प्रकार फार पूर्वीपासून ठाऊक आहेत आणि त्यांतील सी व डी हे प्रामुख्याने पशुपक्ष्यांना मारतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील सांभर सरोवरावर सुमारे १८,००० पक्षी मेले आणि बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने त्याचे कारण बॉटुलिझम असल्याचे सांगितले. मेलेल्या पक्ष्यांत वाढणाऱ्या अळ्यांत विष साठते, त्या अळ्या खाऊन दुसरे पक्षी मरतात आणि हे चक्र चालू राहते. शहागडच्या वरच्या अंगाला पैठणचा नाथसागर आहे आणि तेथे हिवाळ्यात हजारो स्थलांतरित पक्षी उतरतात, त्यामुळे मेलेले पक्षी ताबडतोब उचलून जाळण्याचे किंवा खोल पुरण्याचे महत्त्व येथेही तेवढेच आहे. स्फुरदाच्या कमतरतेमुळे गुरे माळावरची हाडे चघळू लागतात आणि हाडांबरोबर विष पोटात जाते, हे दक्षिण आफ्रिकेत आर्नल्ड थायलर यांनी १९२० च्या दशकात दाखवले. दुष्काळी मराठवाड्यात गुरांना खनिज मिश्रण का द्यावे, याचे हेही एक कारण आहे. अलीकडे गावोगाव होणाऱ्या मुरघासात कुट्टी यंत्रातून एखादा मेलेला उंदीर किंवा साप गेला, तर त्याच्याभोवतीच्या भागात विष तयार होऊ शकते आणि तेवढाच भाग खाणारे जनावर बसते ते उठत नाही, त्याची जीभ लोंबू लागते.

विष इतके नेमके काम करते, म्हणूनच त्याचे औषधही होऊ शकले. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर ए प्रकारच्या विषाच्या अत्यल्प मात्रा वापरून पाहिल्या, आणि १९८९ मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. चेहऱ्यावरील सुरकुत्यांमुळे हे औषध प्रसिद्ध झाले असले, तरी मेंदूच्या पक्षाघाताने आखडलेला लहान मुलाचा पाय सैल करणे हा त्याचा अधिक मोलाचा उपयोग आहे.

गेल्या चाळीस वर्षांतील संशोधनाने जो धक्का दिला तो असा की, हे विष एकाच जिवाणूची मिरास नाही. १९८६ मध्ये इटलीत दोन अर्भकांच्या आजाराचे कारण ठरले क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकम, जे एरवी निरुपद्रवी मानले जाते. २०१८ मध्ये तशाच विषाचे जनुक गाईच्या शेणातील एन्टेरोकॉकस जिवाणूत आढळले, आणि २०१९ मध्ये त्याच घराण्यातले, परंतु हिवतापाच्या डासांना मारणारे विष सापडले. भारतातील महत्त्वाचा पुरावा शेजारच्या गुजरातचा आहे. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये तेथील एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थी आजारी पडले, तिघांचा मृत्यू झाला, आणि संशयित ठरलेल्या बेसनाच्या शेवेच्या तपासणीतून ई प्रकारच्या विषाचे जनुक बाळगणाऱ्या क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकमकडेच बोट दाखवले गेले. रोजच्या खाण्यातली शेव तपासायची कल्पना सुचली आणि तिचा नमुना हाती होता, म्हणून हे कळू शकले. प्रतिविष टोचण्यापूर्वी घेतलेले रक्त, रुग्णाचा मल आणि ताटात उरलेले अन्न थंड ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवले, तरच विषाचा प्रकार ठरवता येतो. प्रतिविष देण्याचा निर्णय मात्र त्या अहवालाची वाट न पाहता लक्षणांवरूनच घ्यावा लागतो.