मोठ्यांच्या कर्जाला अनेक खांदे

2007 साली टाटा स्टीलने युरोपातील कोरस ही पोलाद कंपनी सुमारे 620 कोटी पौंडांना विकत घेतली. देशाची मान उंचावल्याचा गजर झाला. पण एवढा पैसा आला कोठून? त्यातला मोठा हिस्सा बँकांच्या कर्जाचा होता.

असे कर्ज सहसा एकटी बँक देत नाही. एक-दोन बँका पुढाकार घेतात, इतर बँकांना गोळा करतात आणि प्रत्येक जण आपला वाटा उचलतो. कर्ज बुडाले तर तोटाही वाटला जातो. कंपनी ज्या चलनात कमावते, शक्यतो त्याच चलनात कर्ज घेते. पौंड, युरो, डॉलर. रुपयात कमवायचे आणि डॉलरमध्ये फेडायचे म्हटले, तर रुपया घसरताच हप्ता फुगतो.

ही व्यवस्था शहाणपणाची आहे. आमचा प्रश्न एवढाच, की हे शहाणपण आमच्या वस्तीपर्यंत का पोहोचत नाही? 2016 च्या ‘स्टँड अप इंडिया’ योजनेत प्रत्येक शाखेने किमान एका दलित वा आदिवासी उद्योजकाला दहा लाख ते एक कोटीचे कर्ज द्यावे, असे ठरले. तारण नसले तरी चालावे म्हणून हमीची सोयही होती. तरीही आमचा तरुण दारात गेला, की आधी विचारतात, जामीनदार कोण?

मोठ्याचा धोका दहा बँका वाटून घेतात. लहानाचा धोका एक शाखाही घेत नाही.

बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या लेकरांनी केवळ कर्ज मागू नये. कर्ज वाटणाऱ्यांच्या टेबलावर बसण्याची विद्याही हस्तगत करावी.