हस्तिदंतावाचूनची मूठ

कोल्ट कंपनीने १८७३ साली अमेरिकन लष्करासाठी जे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर घडविले, त्याची मूठ मुळात अक्रोडाच्या साध्या लाकडाची असे. परंतु ज्यांच्यापाशी द्रव्य होते आणि शस्त्रावरून आपला दर्जाही ओळखला जावा अशी ज्यांची मनीषा होती, त्यांनी त्या जागी हस्तिदंत बसवून घेण्याचा परिपाठ लवकरच पाडला. १९१६ साली टेक्सासातील एल पासो येथे जॉर्ज पॅटन या तरुण अधिकाऱ्याने असेच एक रिव्हॉल्व्हर खरेदी केले, आणि पुढे तो सेनापती झाल्यावर त्याच्या कमरेची ती शुभ्र मूठ दुसऱ्या महायुद्धाच्या छायाचित्रांतून जगभर पोहोचली. त्या शुभ्रतेची मागणी आजही ओसरलेली नाही, आणि ती हत्तीला हात न लावता पुरविणे हेच अमेरिकेतील मूठ घडविणाऱ्या कारागिरांपुढील खरे काम होऊन बसले आहे.

कायद्याने हे काम त्यांच्यावर लादले, आणि ते योग्यच झाले असे माझे स्पष्ट मत आहे. आफ्रिकी हत्तीच्या दातांचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८९ च्या ठरावाने बंद झाला. आपल्याकडेही वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्त्या होऊन देशी दातांपाठोपाठ आयात केलेल्या आफ्रिकी दातांच्या व्यापारावरही बंदी आली. आणि ६ जुलै २०१६ पासून अमेरिकेत आफ्रिकी हस्तिदंताच्या देशांतर्गत विक्रीस जवळजवळ पूर्ण मनाई झाली. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि दोनशे ग्रॅमहून कमी दात असलेल्या काही जुन्या वस्तूंना सशर्त मुभा ठेवली गेली. पण तिच्यासाठी दस्तऐवजी पुरावा लागतो, आणि आजोबांच्या पेटीत सापडलेल्या रिव्हॉल्व्हरबरोबर दाखला क्वचितच सापडतो.

पर्यायांपैकी गिऱ्हाईक बहुधा प्रथम मॅमथचा दात मागते. सैबेरिया व अलास्काच्या गोठलेल्या भूमीतून निघणारा हा दात हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याचा असल्याने त्यासाठी कोणास मारावे लागत नाही. शिवाय खनिजांच्या संसर्गाने त्यात उतरलेल्या तपकिरी व निळसर छटांना स्वतःचे सौंदर्य असते. आडव्या छेदावर परस्परांना छेदणाऱ्या बारीक रेषांचा कोन दाताच्या बाहेरील भागात मॅमथमध्ये बहुधा काटकोनाहून लहान, तर हत्तीमध्ये पुष्कळ मोठा भरतो, आणि त्यावरून जाणकार दोहोंतील भेद सांगतात. परंतु मुठीच्या पातळ पट्टीत असा छेद मिळेलच असे नाही, आणि नव्या दाताला जुन्याचे नाव देण्याची वाट तेथेच मोकळी राहते. न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया या राज्यांनी मॅमथलाही बंदीखाली आणले ते याच भयाने. वॉलरसच्या दाताची परंपरा आपल्याला परकी नाही, कारण माहीदंदान या नावाने तो मोगल दरबारी खंजिरांच्या मुठींना लागे व जहांगिराला त्याचा मोठा षोक होता. परंतु त्याच्या व्यवहारावरही अमेरिकेत कडक निर्बंध आहेत. गुराचे वा उंटाचे हाड स्वस्त व निर्वेध खरे. मात्र त्यातील सूक्ष्म नलिका काळ्या ठिपक्यांच्या रूपाने पृष्ठभागावर उमटतात, आणि नळीच्या हाडाची भिंत पातळ असल्याने भरदार मुठीला ते पुरत नाही. दक्षिण अमेरिकेतील टाग्वा नावाच्या ताडफळाची बी दिसते हुबेहूब दातासारखी, पण ती आकाराने इतकी लहान, की तिच्यातून अखंड पट्टी निघणे दुरापास्तच.

माझा कौल मायकार्टाला आहे. कागदाचे थर रेझिनमध्ये भिजवून, उष्णता व प्रचंड दाब देऊन एकजीव केलेला हा पदार्थ विसाव्या शतकाच्या आरंभी वेस्टिंगहाउस कंपनीने विजेच्या यंत्रांतील निरोधक म्हणून सिद्ध केला. हस्तिदंत कोरड्या हवेत आकसून तडकतो. मायकार्टाला घामाची, तेलाची वा हवापालटाची फारशी बाधा होत नाही, आणि गोळी सुटताना बसणारा धक्का तो सहज सोसतो. ओतीव रेझिनच्या पट्ट्यांत दोन छटांचे थर देऊन दाताच्या रेषा अधिक हुबेहूब साधता येतात हे मान्य. पण त्या ठिसूळ असतात, आणि स्क्रूच्या भोकापाशी चीर जाण्याची धास्ती राहते.

साहित्य कोणतेही असो, बसवणीचे कष्ट टळत नाहीत. कारागीर प्रथम पट्टी आकाराहून किंचित मोठी कापतो. मग रिव्हॉल्व्हरच्या लोखंडी सांगाड्याला काळ्या रंगाचा पातळ हात देऊन पट्टी त्यावर दाबतो, आणि तिच्यावर जेथे काळे उमटेल तेथेच कानस चालवून पुन्हा दाबतो. लोखंड व पट्टी यांच्या सांध्यावरून नख फिरवले असता ते कोठेही अडकेनासे होईपर्यंत हा क्रम चालतो. यंत्राच्या पट्ट्यावर घाई केली तर रेझिन तापून चिकटते आणि दात करपतो, म्हणून अखेरचे काम हातानेच होते. मायकार्टाची गोलाई घासताना त्यातील कागदाचे थर उघडे पडून नकाशावरील समोच्च रेषांसारखे उमटतात. पट्टीचा उतार किंचित बदलला तरी ती नक्षी बदलते, तेव्हा दोन्ही बाजूंची नक्षी जुळविणे ही कारागिराच्या नजरेची कसोटीच होय. घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून मुखवटा अपरिहार्य.

विकणाऱ्याने आणखी एक दंडक पाळावा असे मला वाटते. पट्टीच्या आतील, लोखंडाला टेकणाऱ्या बाजूवर तिचे द्रव्य व घडणीचे वर्ष कोरून ठेवावे; म्हणजे उद्या मालकी पालटली, कागदपत्रे गहाळ झाली, आणि कोणी अधिकारी ती मूठ हातात घेऊन चौकशीला बसला, तर एक स्क्रू काढताच त्याला उत्तर मिळेल.