घर पाहून गिऱ्हाईक परत का फिरते?



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण शहरात स्वतः घर बांधणारा माणूस आता विरळा. बहुतेक जण तयार घर घेतात, आणि पुष्कळदा दुसऱ्याने वीसपंचवीस वर्षे वापरलेले घेतात. तेव्हा या म्हणीला आणखी एक चरण जोडावयास हरकत नाही: घर पाहावे विकून! आपले घर परक्याच्या डोळ्यांना कसे दिसते, ते विकावयास काढल्यावरच प्रथम कळते.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या खाली. इमारतीला लिफ्ट नाही आणि पतिपत्नी दोघांचेही गुडघे दुखू लागलेले. ही जागा विकून तळमजल्यावर लहानसे घर घ्यावे आणि उरलेल्या पैशांत औषधपाण्याची सोय लावावी, एवढाच त्यांचा बेत होता. वर्षभर गिऱ्हाइके आली, त्यांनी चहा घेतला, ‘घरी विचारून कळवतो’ म्हटले आणि पुन्हा कोणी फिरकले नाही. भाव जास्त वाटत असेल म्हणून गुरुजींनी तो दोनदा उतरवला. तरी तेच. उलट भाव उतरल्यावर लोक अधिकच बिचकू लागले. असे का व्हावे, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम वरवरच्या गोष्टी घेऊ. दार उघडताच पाहुण्याला सर्वांत आधी भेटतो तो घराचा वास. कोंदटपणा, तळणाचा वास, मोरीची दुर्गंधी हे त्याला उंबऱ्यावरच जाणवते. घरच्यांना मात्र ते मुळीच कळत नाही. यात त्यांचा दोष नाही. एकच वास सतत येत राहिला की थोड्याच वेळात नाक त्याची दखल घेईनासे होते, असा आपल्या घ्राणेंद्रियाचा धर्मच आहे. दुसरी गोष्ट अंधार. खिडकीपाशी कपाट, कपाटावर ट्रंका आणि ट्रंकांवर गाद्यांची वळकटी अशी रचना असली, म्हणजे चांगली हवेशीर खोलीही कोठीसारखी दिसते. तिसरी गोष्ट सांगितलेले माप आणि दिसणारी जागा यांतील तफावत. दारात ‘हजार फूट’ ऐकलेल्या माणसाला आत सातशेच फूट दिसले, की पुढचे कोणतेच वाक्य तो खरे धरत नाही. म्हणून भिंतींच्या आतले, प्रत्यक्ष वापरावयाचे क्षेत्रफळ तेवढेच सांगावे. आणि चौथी गोष्ट म्हणजे खुद्द मालक! तो पाहुण्याच्या मागोमाग प्रत्येक खोलीत जातो आणि त्याने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत राहतो. आलेल्या नवराबायकोला आपसांत दोन शब्द बोलावयास मिळत नाहीत, आणि मनातले न बोललेला माणूस ‘कळवतो’ एवढेच म्हणून जातो.

आता कोणी म्हणेल, केर काढता येतो, ट्रंका हलवता येतात, गळका नळ शेपन्नास रुपयांचा वायसर घालून बंद करता येतो. एवढ्यासाठी का कोणी लाखो रुपयांचा व्यवहार सोडतो? याचे उत्तर असे की, गिऱ्हाईक नळाला भीत नाही. तो नळ ज्या गोष्टीची साक्ष देतो तिला भितो. ज्याने डोळ्यांसमोरचा नळ वर्षभर गळू दिला, त्याने भिंतीआडच्या नळाची काय काळजी घेतली असेल? घरात राहिलेल्या माणसाला घराचे सारे गुणदोष ठाऊक असतात. पाहावयास आलेल्याला अर्ध्या तासात जे दिसेल तेवढेच. ही विषमता बाजाराला कशी ग्रासते, ते जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवून दिले; २००१ साली ज्या तिघांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांत ते होते. विकणाऱ्याला जे कळते ते घेणाऱ्याला कळत नसले, की घेणारा वाईटच गृहीत धरतो आणि चांगल्या मालालाही चांगला भाव मिळेनासा होतो. गुरुजींनी भाव उतरवला तेव्हा लोक का बिचकले, ते आता ध्यानात येईल. ‘एवढे स्वस्त का? काहीतरी असणार!’

पण गिऱ्हाइकाचीही येथे एक मोठी चूक होते. जे झाडूने जाते त्याला तो भितो, आणि जे गवंड्यानेही सहजी जात नाही ते त्याला दिसतच नाही. नव्या रंगाचा वास आला की मन प्रसन्न होते. वास्तविक, चार भिंतींपैकी एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर तेथेच थांबावे. ओल ही घराच्या आजारातली नाडी आहे; ती कोठून येते यावरून रोग ओळखता येतो. तळमजल्यावर जमिनीलगत ओल असेल तर ती खालून चढते. दिव्याची वात तेल ओढते तशी विटेतील सूक्ष्म छिद्रे जमिनीतले पाणी वर ओढतात. पाणी सुकते, क्षार मागे राहतात आणि भिंतीला लोणा लागतो. मधल्या मजल्यावर छताला डाग असेल तर वरच्यांच्या न्हाणीघराची चौकशी करावी; शेवटच्या मजल्यावर असेल तर गच्ची पाहावी. आपल्याकडे पावसाचा मारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींना हात लावून पाहावा. दक्षिणेकडे दार आहे एवढ्याच कारणाने घर सोडणारे पुष्कळ आढळतात. त्या दिशेच्या भिंतीची ओल पाहणारे थोडे.

भेगांचेही तसेच. गिलाव्यावरची केसासारखी भेग पाहून घाबरण्याचे कारण नसते. परंतु खांबावर किंवा तुळईवर सळईच्या रेषेने गेलेली भेग गंभीर समजावी. आतील लोखंड गंजले की त्याचा गंज मूळ धातूहून कितीतरी अधिक जागा व्यापतो, आणि तो फुगवटा काँक्रीटला आतून फोडतो. अशा वेळी संस्थेकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची तपासणी दर ५ वर्षांनी, आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी करावी असे सांगितले आहे.

काही दोष तर घराच्या चार भिंतींत नसतातच. नदीकाठचे घर वैशाखात पाहिले तर झुळूक तेवढी जाणवते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. म्हणून नदीलगतच्या गावी निळी आणि लाल पूररेषा कोठून जाते ते नकाशावर पाहावे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल. कागदपत्रांचेही असेच आहे. भोगवटा प्रमाणपत्र नसले, मालकीची साखळी मध्येच तुटली असली किंवा कर्जाचा बोजा उतरला नसला, तर त्याला वास येत नाही की डाग पडत नाही. वकिलाकडून तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेण्याची जी रीत आहे, ती याकरिताच.

येथे कायद्याने एक न्याय्य वाटणी करून ठेवली आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, निराळा करार नसेल तर, मिळकतीतील किंवा मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही व साधारण काळजी घेऊनही कळला नसता, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. म्हणजे जे दिसण्यासारखे आहे ते पाहणे घेणाऱ्याचे काम, आणि जे दिसण्यासारखे नाही ते सांगणे विकणाऱ्याचे काम.

आता गुरुजींकडे परत येऊ. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर एक मोठे कॅलेंडर होते, आणि त्यामागे गच्चीतून उतरलेल्या ओलीचा डाग. डाग कॅलेंडरापेक्षा चार बोटे मोठा! प्रत्येक गिऱ्हाइकाला ती कड दिसे; कोणी विचारीत नसे आणि गुरुजी सांगत नसत. शेवटी त्यांच्या पत्नीनेच ते कॅलेंडर काढले. ‘आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवलेत, आणि आता भिंतीला खोटे बोलायला लावता?’ असे त्या म्हणाल्या. गच्चीची दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी. गुरुजींनी संस्थेला पत्र दिले, दुरुस्तीचा ठराव करून घेतला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला प्रथम डाग दाखवला व मग ठरावाची प्रत. त्या माणसाने भाव थोडा पाडून मागितला, पण तो परत आला. दुसऱ्या खेपेस बायकोला आणि वडिलांना घेऊन आला. पहिल्या भावाहून कमीच रक्कम हाती आली, हे खरे. पण गुरुजी आज तळमजल्यावर राहतात आणि संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतात.

श्रोतेहो, पाऊस आता फार दूर नाही. आपल्यापैकी ज्यांना घर घ्यावयाचे असेल त्यांनी उन्हाळ्यात पसंत केलेले घर जमल्यास एकदा भर पावसात पाहावे. आणि ज्यांना विकावयाचे असेल त्यांनी आजच घरी जाऊन भिंतीवरचे कॅलेंडर काढून पाहावे.