गावाने चालवावयाचे पाळणाघर

फाल्गुन-चैत्रात डोंगरकडा परिसरात हळदीची काढणी ऐन भरात असते. कंद वेचणे, शिजविण्यासाठी वाहून नेणे, वाळत घालणे या कामांत स्त्रियांचेच हात अधिक राबतात. आईच्या मागोमाग तान्हे मूलही शेतावर येते. झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली जाते आणि ती हलविण्यासाठी आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण शाळा बुडवून बसते. जवळच हळद शिजत असते. रांगू लागलेले मूल झोळीत फार वेळ राहत नाही. मग आईचे निम्मे लक्ष कामात आणि निम्मे त्या उकळत्या कढईकडे.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील हे गाव नांदेड-हिंगोली मार्गावर वसले आहे. केळी, ऊस व हळद यांमुळे येथे मजुरीचे काम बहुतेक वर्षभर निघते. काम वर्षभर असल्याने मूल कोणाकडे सोपवावयाचे, हा प्रश्नही वर्षभराचाच होय.

अंगणवाडी आहे, मग पाळणाघर कशाला, असे कोणी विचारील. एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली व तिने गावोगावच्या बालकांच्या आहाराची आणि लसीकरणाची मोठी सोय केली. परंतु अंगणवाडीत बसून शिकावयाचे ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी, आणि तेही काही तासच. तीन वर्षांखालील बालकाचा आहार घरी पोचतो. मात्र ते घर सकाळी आठलाच कुलूपबंद झालेले असते. उणीव आहे ती नेमकी या ठिकाणी.

महाराष्ट्राला ही उणीव नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य आरंभिले. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. पुढे 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊनच येत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेली ‘विकासवाडी’ उभी राहिली. धाकट्याची सोय झाल्याखेरीज थोरलीचे शिक्षण होत नाही, हे या दोघींनी प्रत्यक्ष कामातून ओळखले होते.

कारखान्यातील स्त्री-कामगारांसाठी पाळणाघराची तरतूद 1948 च्या कारखाना अधिनियमात झाली. शेतमजूर स्त्रीला मात्र असा एक मालक नसतो. आज एकाच्या शेतात निंदणी, तर उद्या दुसऱ्याच्या बागेत. म्हणून तिच्यासाठी पाळणाघर चालवावयाचे ते गावानेच.

त्याचा आरंभ ग्रामसभेच्या ठरावाने करावा. प्रथम वाड्यावस्त्यांवर फिरून सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांची यादी करावी व कोणत्या माता किती वाजता कामावर निघतात याची नोंद घ्यावी. ही यादी हाती नसताना जागा शोधू नये. पुष्कळदा इमारत आधी ठरते आणि मग ती वस्तीपासून लांब पडते.

पाळणाघराचा परवाना म्हणजे एकच कागद, अशी समजूत असल्यास ती दूर करावी. समिती नोंदणीकृत असावयास हवी. त्यासाठी किमान सात सदस्य, घटनापत्रक व नियमावली यांसह संस्था नोंदणी अधिनियम, 1860 व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 यांखाली धर्मादाय आयुक्तांच्या संबंधित कार्यालयाकडे अर्ज करावयाचा असतो. सातांपैकी निदान चार त्याच मुलांच्या माता असाव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नोंदणीनंतर दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो आणि विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांत तसा बदल अहवाल द्यावा लागतो. उद्घाटनाचा नारळ फोडणे सोपे. हा अहवाल राहून गेला की अनुदानाच्या वेळी संस्थेची अडचण होते. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले निवासी ठेवावयाची झाल्यास गोष्ट निराळी. त्यास 2015 च्या बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणी लागते. दिवसाच्या पाळणाघराने त्या वाटेस जाऊ नये.

पैशाचे काय? केंद्र शासनाच्या मिशन शक्तीमध्ये 2022 पासून ‘पाळणा’ योजना असून तीत अंगणवाडीस जोडून पाळणाघर चालविण्याची सोय आहे. तिचा प्रस्ताव राज्य शासनामार्फत जातो. यास्तव बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांची भेट आरंभीच घ्यावी. मंजुरी येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो, आणि त्यातून चटया, पाण्याची टाकी, प्रथमोपचार पेटी असे साहित्य घेता येईल.

राष्ट्रीय पाळणाघर योजनेने 25 मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस असे प्रमाण धरले होते. महिन्यास 26 दिवस व दिवसास साडेसात तास केंद्र उघडे ठेवावयाचे होते. तान्ही मुले अधिक असतील तर दोन बायका पुरत नाहीत. छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यात 2012 मध्ये सुरू झालेल्या फुलवाऱ्यांत माता पाळीपाळीने मुलांजवळ थांबतात. डोंगरकड्यात ही रीत जशीच्या तशी चालेल असे नाही, कारण पाळीच्या दिवशी बाईचा रोज बुडतो. तेवढ्या रोजाची भरपाई समितीने मासिक वर्गणीतून द्यावी.

जागा तळमजल्यावरची, हवेशीर व कुंपण असलेली पाहावी. विहीर, जनावरांचा गोठा व फवारणीची औषधे जवळ नसावीत. चूल मुलांच्या खोलीपासून वेगळी हवी. मूल कोणी आणले, कोणी नेले याची सही-अंगठ्यानिशी वही ठेवावी आणि वहीत नाव नसलेल्या माणसाच्या हाती, तो ओळखीचा असला तरी, मूल देऊ नये.

वेळ ठरविताना कार्यालयीन घड्याळ पाहू नये. उक्ते घेतलेल्या कामात बायका उजाडताच निघतात. हळदीच्या दिवसांत केंद्र सकाळी सातला उघडावे, आणि तसा ठराव माघातच, काढणी सुरू होण्यापूर्वी, समितीच्या वहीत लिहून ठेवावा.