नेरूळला दिसलेली मुलगी

३० ऑक्टोबर २०२२, रविवारची संध्याकाळ. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. स्पेन विरुद्ध कोलंबिया. ऐंशी मिनिटं झाली तरी गोलफलक कोराच. ८२व्या मिनिटाला चेंडू कोलंबियाच्याच बचावपटूला लागून जाळ्यात गेला आणि या स्वयंगोलावर स्पेनने विश्वचषक राखला. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून ‘गोल्डन बॉल’ मिळाला स्पेनच्या सोळा वर्षांच्या व्हिकी लोपेझला. दुसऱ्या क्रमांकाचा ‘सिल्व्हर बॉल’ कोलंबियाच्या लिंडा कैसेदोला.

जवळपास तीन वर्षांनी, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, पॅरिसच्या शातले थिएटरमध्ये, वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूंना गौरवणाऱ्या बॅलन डी’ओर सोहळ्यात, एक नवा पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला: एकवीस वर्षांखालील सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूसाठीची कोपा ट्रॉफी. नामांकनं पाच होती. त्यांत व्हिकी होती आणि लिंडाही. ट्रॉफी व्हिकीने नेली.

‘कोपा’ म्हटलं की आपल्याकडे लगेच कोपा अमेरिका आठवते. या पुरस्काराचा तिच्याशी काही संबंध नाही. हा कोपा म्हणजे रेमों कोपा. पोलंडहून फ्रान्समध्ये आलेल्या खाणकामगार कुटुंबातला हा मुलगा कोवळ्या वयात स्वतःही कोळशाच्या खाणीत उतरला आणि तिथल्या अपघातात त्याने हाताचं बोट गमावलं. पुढे रेआल माद्रिदकडून तो तीनदा युरोपचा विजेता झाला आणि १९५८ साली बॅलन डी’ओर मिळवणारा पहिला फ्रेंच खेळाडू ठरला. तरुणांच्या पुरस्काराला त्याचं नाव शोभतं.

पुरस्कारांच्या रांगेत बायकांना थांबायची सवय आहे. ‘फ्रान्स फुटबॉल’ मासिकाचा बॅलन डी’ओर पुरुषांसाठी १९५६ पासून दिला जातो. महिलांसाठी तो सुरू झाला २०१८ मध्ये, म्हणजे ६२ वर्षांनी. त्याच वर्षी तरुण पुरुषांसाठी कोपा ट्रॉफी आली आणि पहिली किलियन एम्बापेला मिळाली. तरुण महिलांची ट्रॉफी यायला आणखी सात वर्षं गेली. २०२५ च्या सोहळ्यात पुरुष आणि महिलांचे पुरस्कार प्रथमच संख्येने सारखे झाले.

इंग्लंडला या बाबतीत आधी जाग आली. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेने, पीएफएने, २०१३-१४ च्या हंगामापासून वर्षातल्या सर्वोत्तम तरुण महिला खेळाडूला गौरवायला सुरुवात केली. इथे मत देतात खेळाडूच. ज्या मुलीने तुम्हाला आठवडाभरापूर्वी मैदानभर पळवून दमवलं, तिच्याच नावापुढे खूण करायची! त्यामुळे या मताला वजन आहे. २०१५ ची विजेती लीआ विल्यमसन पुढे कर्णधार झाली आणि इंग्लंडने तिच्या नेतृत्वाखाली २०२२ आणि २०२५ असे दोन युरो करंडक जिंकले. २०१६ ची विजेती बेथ मीड २०२२ च्या युरोत सहा गोल करून स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. लॉरेन हेम्पने तर हा पुरस्कार चार वेळा नेला: २०१८, २०२०, २०२१ आणि २०२२. तरुण म्हणून तरी किती वर्षं मिरवावं! मे २०२५ मध्ये लिस्बनला व्हिकीच्या बार्सिलोनाला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात हरवणाऱ्या आर्सेनलमध्ये विल्यमसन आणि मीड दोघी होत्या. त्या सामन्यातल्या एकमेव गोलासाठी पास दिला तो मीडनेच.

व्हिकी डावखुरी, म्हणजे डाव्या पायाची. जन्म माद्रिदचा, २००६ चा. वडील स्पॅनिश, आई नायजेरियन. माद्रिद सीएफएफ क्लबने तिला पंधराव्या वर्षी मोठ्यांच्या लीगमध्ये उतरवलं. २०२२ मध्ये ती बार्सिलोनाला गेली आणि त्याच हंगामापासून स्पेनची महिला लीग अधिकृतपणे व्यावसायिक झाली. योग हा असा. आपल्याकडच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत जपानविरुद्ध स्पेन पिछाडीवर होता, तेव्हा अखेरच्या मिनिटांत दोन गोल करून तिने सामना फिरवला. तो सामना गोव्यात, फातोर्ड्याला झाला होता.

लिंडाची गोष्ट आणखी चटका लावणारी. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग झाला. त्यातून उठून ती पुढे एकाच वर्षाच्या अवधीत वीस वर्षांखालील, सतरा वर्षांखालील आणि मोठ्यांचा असे तीन विश्वचषक खेळली आणि तिन्हींत तिने गोल केले.

आता यजमानांकडे पाहू. २०२२ च्या त्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या मुली भुवनेश्वरला तीन सामने खेळल्या. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. कर्णधार अष्टम उराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. स्पर्धेच्या दिवसांत तिच्या गावात तिच्या नावाचा रस्ता बांधायला घेतला होता आणि त्या रस्त्यावर तिचे आई-वडील रोजंदारीने काम करत होते. गौरव आणि मजुरी एकाच खडीवर.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघही दरवर्षी उदयोन्मुख महिला खेळाडूचा पुरस्कार देतो. २०२२-२३ चा केरळच्या शिल्जी शाजीला मिळाला. पुरस्कार आहे, मुलीही आहेत. नाहीत ते सामने. स्पेनच्या लीगमध्ये १६ संघ आहेत, म्हणजे हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला ३० सामने. आपल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये २०२४-२५ ला ८ संघ होते आणि प्रत्येक संघाला मिळाले १४ सामने. सतराव्या वर्षी सापडलेली मुलगी एकविसाव्या वर्षापर्यंत घडायची, तर तिला दर आठवड्याला मैदान लागतं. ते चौदा सामन्यांत भागत नाही.

नेरूळच्या त्या संध्याकाळी व्हिकी आणि लिंडा दोघी हार्बर लाइनच्या तिकिटाच्या अंतरावर खेळत होत्या. पुन्हा कधी मुलींचा असा सामना तिथे लागला, तर स्टेशनवर उतरा आणि जाऊन बघा.