मूळ किमतीतली माणसं

पुणतांब्याहून दौंडच्या दिशेने निघालेली गाडी चितळी, निपाणी वडगाव करत बेलापूरला येते. स्टेशनवरची पाटी बेलापूरची, पण उतरणारा उतरतो श्रीरामपुरात. झहीर खान याच श्रीरामपूरचा. तिथून नेवाशाच्या रस्त्याला लागलं की टाकळीभान. पुणेरी पलटणला २०२४ मध्ये प्रो कबड्डीचं विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार अस्लम इनामदार तिथला. आणि पुणतांब्याचा गोदावरीकाठ सोडून प्रवरेच्या काठाला गेलं, की संगमनेर तालुक्यातलं आश्वी खुर्द, अजिंक्य रहाणेचं जन्मगाव. पुणतांबेकरांना ही तिन्ही गावं सोयरिकीच्या अंतरावरची. यांच्यापैकी कुणाला संघातून वगळलं, तर ती बातमी इथे घरातली म्हणूनच वाचली जाते.

२३ डिसेंबर २०२२ रोजी कोचीत आयपीएलचा लिलाव झाला, तेव्हा रहाणेबद्दलची बातमी अशीच होती. त्या वर्षाच्या सुरुवातीला तो भारताच्या कसोटी संघातून बाहेर गेला होता. मेलबर्नला शतक ठोकून, नंतर ब्रिस्बेन जिंकून ऑस्ट्रेलियातली मालिका खिशात घालणारा कर्णधार जेमतेम वर्षभरात संघाबाहेर. आयपीएलमध्येही दिल्लीने २०२१ मध्ये त्याला दोनच सामने खेळवले होते. कोलकात्याने २०२२ मध्ये सात सामने दिले, त्यांत १३३ धावा झाल्या आणि त्यांनीही त्याला सोडलं. कोचीत त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा चेन्नई सुपर किंग्जने हात वर केला आणि मूळ किमतीतच, म्हणजे ५० लाखांत, तो त्यांच्याकडे गेला. त्याच दिवशी चेन्नईने बेन स्टोक्ससाठी १६ कोटी २५ लाख मोजले होते. साहजिकच रहाणेची खरेदी त्या बातमीच्या तळाशी गेली.

चेन्नईची तेव्हाची अवस्था बिकट होती. २०२२ च्या मोसमात १४ पैकी चारच सामने जिंकून हा संघ दहा संघांत नववा आला होता. कर्णधारपद आधी जडेजाकडे गेलं आणि मधेच धोनीकडे परत आलं. अशा वेळी बहुतेक संघमालक आधीचे सगळे काढून नवे आणायला निघतात. चेन्नईने जे केलं ते मला जास्त विचार करण्यासारखं वाटतं. त्यांच्या संघात इतरांनी सोडलेली महाराष्ट्रातली तीन माणसं होती: रहाणे, शिवम दुबे आणि कल्याणचा तुषार देशपांडे. दुबे आणि देशपांडे नववा क्रमांक आलेल्या मोसमातही संघात होते. त्या दोघांना चेन्नईने ठेवलं आणि रहाणेला त्यांच्या जोडीला आणलं.

एखादा चांगला खेळाडू ‘सोडलेला’ होतो कसा, हे आधी बघायला हवं. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला ठरावीक रकमेतच सगळी बांधणी करावी लागते. २०२३ साठी ही मर्यादा ९५ कोटींची होती. एका सामन्यात परदेशी खेळाडू चारच. म्हणजे खेळाडू वाईट खेळला म्हणूनच त्याला सोडतात असं नाही. कधी त्याच्या रकमेत दुसरे दोन येतात, कधी त्याच्या जागेवर परदेशी माणूस आधीच बसलेला असतो, कधी प्रशिक्षक बदलतो. राहात्याच्या बाजारात पेरूची प्रतवारी होते तेव्हा पेटीच्या मापात न बसलेलं फळ बाजूला पडतं, पण म्हणून त्याची गोडी कमी नसते. रहाणेचं माप बसत नव्हतं ते स्ट्राइक रेटच्या रकान्यात. तोवरच्या आयपीएल कारकिर्दीत तो १२० च्या आसपास होता आणि सलामीच्या फलंदाजाकडून लोक आता १४० मागत होते.

८ एप्रिल २०२३, वानखेडे, समोर मुंबई इंडियन्स. स्टोक्स दुखापतीमुळे बाहेर होता आणि मोईन अली आजारी पडला. आपण खेळणार हे टॉसच्या थोडं आधी कळलं, असं रहाणेने नंतर सांगितलं. १५८ धावांचा पाठलाग करताना तिसऱ्या क्रमांकावर येऊन त्याने १९ चेंडूंत अर्धशतक पूर्ण केलं. एकूण २७ चेंडूंत ६१. दोन आठवड्यांनी ईडन गार्डन्सवर, त्याला सोडणाऱ्या कोलकात्याविरुद्ध, २९ चेंडूंत नाबाद ७१. मोसमअखेर ३२६ धावा आणि स्ट्राइक रेट १७२. स्टोक्स मात्र दोनच सामने खेळू शकला, त्यात त्याच्या १५ धावा.

चमत्कार म्हणून याकडे बघितलं तर हातात काही लागत नाही. त्या डिसेंबरात, लिलावाच्या त्याच आठवड्यात, रहाणेने मुंबईकडून हैदराबादविरुद्ध रणजीत २०४ धावा केल्या होत्या. पुढच्या महिन्यात आसामविरुद्ध १९१. रणजीच्या त्या मोसमात त्याच्या ६३४ धावा झाल्या. माणूस फॉर्मात होता, आकडे सगळ्यांसमोर होते, फक्त ते चार दिवसांच्या क्रिकेटचे म्हणून कुणी लिलावाच्या तक्त्यात धरले नाहीत. चेन्नईने त्याचं कामही बदललं. सलामीला येऊन डाव लावत न्यायची जबाबदारी ऋतुराज गायकवाड आणि डेव्हन कॉनवे यांच्यावर होती. रहाणेने तिसऱ्या क्रमांकावर येऊन पहिल्या चेंडूपासून मारायचं होतं. बाद झालास तरी मागे लांब फलंदाजी आहे, हा विश्वास त्याला दिला. पस्तिशीला टेकलेल्या फलंदाजाला विकेट गमावण्याची मोकळीक मिळाली, ती बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

दुबेची गोष्ट याहून जास्त शिकण्यासारखी आहे, कारण त्याच्यातली उणीव खरी होती आणि सगळ्यांना दिसत होती. उंच, डावखुरा, फिरकीला लांबच लांब षटकार मारणारा, पण वेगवान गोलंदाजाने आखूड टप्प्याचा चेंडू छातीवर टाकला की अडकणारा. बंगळूरने त्याला पाच कोटींना घेतलं आणि सोडलं. राजस्थानने ४ कोटी ४० लाखांना घेतलं आणि सोडलं. दोघांनाही तो हवा होता अष्टपैलू म्हणून: शेवटच्या षटकांत वेगवान माऱ्यावर फटके आणि वर दोन-चार षटकं गोलंदाजी. म्हणजे त्याला जे जमत नव्हतं तेच त्याच्याकडून मागितलं जात होतं. चेन्नईने २०२२ मध्ये चार कोटींना घेतल्यावर त्याला डावाच्या मधल्या षटकांत, फिरकी सुरू असताना पाठवायला सुरुवात केली. २०२३ मध्ये सामना सुरू असताना एक खेळाडू बदलू देणारा इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आला आणि त्याच्याकडून गोलंदाजीची अपेक्षाही उरली नाही. त्या मोसमात त्याने ४१८ धावा केल्या, ३५ षटकारांसह. पुढच्या वर्षी बार्बाडोसला टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात १६ चेंडूंत २७ धावा करणारा हाच दुबे.

देशपांडे मूळ किमतीत, २० लाखांत आला होता. आयपीएलचा अगदी पहिला इम्पॅक्ट प्लेअर तोच, आणि त्या ३१ मार्चच्या सामन्यात त्याला ५१ धावा पडल्या. पुढच्या सामन्यात चेन्नईच्या गोलंदाजांनी इतके वाइड आणि नो बॉल टाकले, की असंच चाललं तर दुसऱ्या कर्णधाराखाली खेळावं लागेल असं धोनी जाहीरपणे म्हणाला. इतकं होऊनही देशपांडेला बसवलं नाही. मोसमभर तो महाग पडत राहिला आणि बळीही घेत राहिला, १६ सामन्यांत २१. त्या मोसमाचं विजेतेपद चेन्नईने जिंकलं आणि माझ्या मते त्यातला सर्वांत अवघड निर्णय हा होता. स्वस्तात घेतलेल्या माणसाला पहिल्या दोन वाईट सामन्यांनंतर बाहेर काढणं फार सोपं असतं, कारण त्याच्यावर खर्चच झालेला नसतो.

गुजरातविरुद्धचा अहमदाबादचा अंतिम सामना पावसामुळे राखीव दिवशी गेला. १५ षटकांत १७१ धावा हव्या होत्या. रहाणेने १३ चेंडूंत २७ केल्या, दुबे नाबाद ३२ राहिला आणि जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून सामना जिंकला. तो शेवटचा चेंडू टाकणारा मोहित शर्मा एक वर्ष आधी गुजरातच्या सरावात नेट बोलर होता. त्याने त्या मोसमात २७ बळी घेतले आणि अंतिम सामन्यात रहाणेलाही त्यानेच बाद केलं. सोडलेल्या माणसांची ताकद फक्त एकाच संघाला कळली होती असं नाही.

ही रीत जगाला ठाऊक झाली ती बेसबॉलमुळे. २००१ चा मोसम संपल्यावर ओकलंड ॲथलेटिक्स संघाचे जेसन जियाम्बी, जॉनी डेमन आणि जेसन इसरिंगहाउसन हे तिघे मोठ्या पैशांवर दुसरीकडे गेले. ओकलंडचा पगारखर्च सुमारे चार कोटी डॉलर, न्यूयॉर्क यांकीजचा त्याच्या तिप्पट. व्यवस्थापक बिली बीन यांनी मग कोपराच्या नसेच्या दुखापतीमुळे कॅचरचं काम करता न येणारा स्कॉट हॅटेबर्ग घेतला आणि त्याला फर्स्ट बेसवर उभं केलं. तो तिथे कधी खेळलाच नव्हता. पण चेंडू पारखून, घाई न करता बेसवर पोहोचायची त्याची सवय बीन यांना हवी होती आणि बाजारात तिला भाव नव्हता. चॅड ब्रॅडफर्डचा हात जमिनीला लागेल इतका खाली जायचा, त्यामुळे त्याला कुणी गांभीर्याने घेत नव्हतं. २००२ मध्ये या संघाने १०३ सामने जिंकले, त्यात सलग २०. विसावा विजय हॅटेबर्गच्याच फटक्यावर आला. मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ या पुस्तकाने आणि पुढे चित्रपटाने हे सगळीकडे पोहोचवलं. त्यात थोडं मागे राहतं ते एवढंच, की टिम हडसन, मार्क मल्डर, बॅरी झिटो हे ओकलंडचे तीन पिचर त्यांनी स्वतः घडवलेले होते. सोडलेली माणसं भिंतीतल्या फटी भरतात, पण भिंत आधी उभी असावी लागते.

आपल्याकडे हे पहिल्यांदा राजस्थान रॉयल्सने केलं. २००८ मधला सर्वांत स्वस्त संघ, निवृत्त शेन वॉर्न कर्णधार, गोव्याचा फारसं कुणाला माहीत नसलेला स्वप्निल अस्नोडकर सलामीला, आणि विजेतेपद. याच संघाने २०१३ मध्ये प्रवीण तांबेला उतरवलं. वय ४१, मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये गेलेली वीस वर्षं, रणजी एकही नाही. लेगस्पिनर तांबेने त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक १२ बळी घेतले आणि पुढच्या वर्षी आयपीएलमध्ये हॅटट्रिक.

झहीरचं उदाहरण लिलावाच्या आधीचं. भारतीय संघातून बाहेर पडल्यावर तो २००६ मध्ये वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला, ७८ बळी घेऊन परतला आणि २०११ च्या विश्वचषकात २१ बळींसह सर्वांत यशस्वी गोलंदाजांच्या बरोबरीला बसला. त्याला कुणी विकत घेतलं नव्हतं. दुरुस्ती त्याची त्यानेच केली होती.

आता दुसरी बाजू, कारण ती सोडली तर हा लेख खोटा ठरेल. चेन्नईने २०२५ च्या मोसमासाठी पुन्हा हेच करून बघितलं. राहुल त्रिपाठी ३ कोटी ४० लाख, दीपक हुडा १ कोटी ७० लाख, विजय शंकर १ कोटी २० लाख, तिघेही इतरांनी सोडलेले, अनुभवी. तिघांपैकी एकालाही जागा पक्की करता आली नाही. ऋतुराज कोपराच्या दुखापतीने पाच सामन्यांनंतर बाहेर गेला आणि चेन्नई पहिल्यांदाच शेवटच्या क्रमांकावर राहिली. मला यातला फरक असा दिसतो: २०२३ मध्ये रहाणेच्या पुढे ऋतुराज आणि कॉनवे होते, मागे जडेजा आणि धोनी. २०२५ मध्ये वरची फळीच डळमळली होती आणि या तिघांकडून ती उभी करण्याची अपेक्षा होती. कामही नवं दिलेलं नव्हतं. आधीच्या संघांत जे जमेनासं झालं होतं, तेच इथे पिवळ्या जर्सीत करायला सांगितलं होतं.

त्या मोसमात चेन्नईला जे थोडं हाती लागलं, तेही लिलावात कुणी न घेतलेल्यांकडूनच. विरारचा १७ वर्षांचा आयुष म्हात्रे, दक्षिण आफ्रिकेचा डेवाल्ड ब्रेव्हिस, गुजरातचा उर्विल पटेल, हे तिघेही नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात अनसोल्ड राहिले होते. उर्विलने तर लिलाव संपल्यावर दोनच दिवसांनी २८ चेंडूंत शतक केलं होतं. म्हात्रेने बंगळूरविरुद्ध ४८ चेंडूंत ९४ धावा केल्या.

गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांतही आता संघमालक आणि पॉइंटांचे लिलाव आले आहेत. उसाच्या पट्ट्यातली बरीच पोरं नोकरीसाठी शिर्डीला, पुण्याला जातात आणि स्पर्धेच्या वेळी अकरा जण जमवणं हेच काम होऊन बसतं. मग शेवटी उरलेल्याला घेतात आणि दहाव्या क्रमांकावर पाठवून, फाइन लेगला उभं करून विसरतात. त्याला काय येतं हे विचारणारा एखादा कर्णधार प्रत्येक गावात असायला हवा. टाकळीभानचा अस्लम हा नवोदित म्हणून पलटणमध्ये आला आणि प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन मोसमांत तळाला राहिलेल्या या संघाचा पुढे कर्णधार झाला, ते त्याच्या चढाईवर वेळेत कुणीतरी भरवसा टाकला म्हणून.

आणि रहाणे? २०२३ च्या त्या मोसमाने त्याला कसोटी संघात परत नेलं. ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या जागतिक अजिंक्यपद कसोटीत त्याने ८९ आणि ४६ धावा केल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात पहिल्यांदा नाव आलं तेव्हा त्याला कुणीच घेतलं नाही. नंतरच्या फेरीत कोलकात्याने, पुन्हा मूळ किमतीत, दीड कोटींना घेतलं. लगेच झालेल्या मुश्ताक अली स्पर्धेत त्याने सर्वाधिक ४६९ धावा करून मुंबईला विजेतेपद मिळवून दिलं आणि कोलकात्याने त्याला कर्णधार केलं. २०२५ मध्ये त्यांचा संघ आठवा आला. संघातर्फे सर्वाधिक धावा रहाणेच्या होत्या, ३९०.